फ्रीज गार, पंखा सुरू, पण गाडी सेल्फ घेईना

मे महिना. गुहागरला सुरूच्या बनाच्या कडेला आमची गाडी, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोटरहोम व्हॅन, लावून आम्हाला अडीच दिवस झाले होते. छपरातला पंखा रात्रभर फिरला होता, फ्रीजमधली सोलकढी दात शिवशिवतील इतकी गार होती, चारही मोबाईल पूर्ण चार्ज होते. सामान आवरलं, झाडाला बांधलेली कपड्यांची दोरी सोडली, स्टिअरिंगवर बसून किल्ली फिरवली. बॉनेटखालून आवाज आला, टिक् टिक् टिक् टिक्. इंजिन ढिम्म.

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, पंखा फिरतोय की. मग बॅटरी उतरली कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर ठाऊक नसेल तर माणूस उन्हात उभा राहून भलत्याच वायरी ओढत बसतो. म्हणून आधी तेवढं सांगतो, गाडी चालू कशी करायची ते नंतर.

एका छपराखाली दोन चुली

मोटरहोममध्ये एक नाही, दोन बॅटऱ्या असतात. एक गाडीची: इंजिनाला सेल्फ मारणारी, हेडलाइट, हॉर्न, वायपर आणि ड्रायव्हरच्या बाजूचा रेडिओ सांभाळणारी. दुसरी घराची: मागचे दिवे, पंखा, फ्रीज, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, सगळं तिच्यावर. छपरावरचं सोलर पॅनेल साधारणपणे घराच्या बॅटरीलाच जोडलेलं असतं. भाऊ एकाच घरात राहतात पण चूल वेगळी, तसा हा प्रकार. एकाच्या घरी पुरणपोळी असली म्हणून दुसऱ्याच्या ताटात काही पडत नाही.

वेगळी चूल मुद्दाम ठेवलेली असते. रात्री फ्रीजने घराची बॅटरी पार रिकामी केली तरी सकाळी इंजिन चालू झालं पाहिजे, हा हेतू. आमच्या बाबतीत उलटं झालं होतं. घर भरलेलं, गाडी उपाशी.

या दोन बॅटऱ्या बांधणीनेही वेगळ्या असतात. कोकणातली जुनी बागायत पाहिली असेल तर समजायला सोपं जाईल. विहिरीचं पाणी दोणीत चढवायचं आणि तिथून पाटाने माडा-पोफळींना सोडायचं. दोणीतलं पाणी किती उंचीवर आहे ते म्हणजे व्होल्ट. पाटातून किती जोरात वाहतंय ते म्हणजे अँपिअर. दोणीत एकूण साठा किती, तो अँपिअर-तास. गाडीच्या, म्हणजे स्टार्टर बॅटरीचं काम आहे दोणीचा बोळा एकदम काढून लोंढा सोडायचं. म्हणून तिच्यात शिशाच्या पातळ-पातळ पुष्कळ पट्ट्या असतात. पट्ट्या जितक्या जास्त तितकी आम्लाला भिडणारी जागा जास्त, आणि तितका मोठा करंट एका क्षणात देता येतो. घराची बॅटरी मात्र धिम्या धारेने दिवसभर देत राहते. तिच्या पट्ट्या जाड असतात, किंवा हल्ली ती लिथियमची असते.

लोंढा केवढा, याचा हिशोब गमतीदार आहे. डिझेल व्हॅनचा सेल्फ ढोबळमानाने ३०० अँपिअर ओढतो. म्हणजे तेवढ्या दोन-तीन सेकंदांपुरती ती बॅटरी बागेतल्या चार-पाच हॉर्सपॉवरच्या पंपाइतकी ताकद देते. पण ३०० अँपिअर तीन सेकंद म्हणजे साठ्यातले फक्त पाव अँपिअर-तास! ९० अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे म्हणजे समुद्रातून चूळ भरण्यासारखं. इंजिन चालू करताना बॅटरी संपत नाही. ती संपते इंजिन बंद असताना, कुणाचं लक्ष नसताना.

विजेवरचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला, चार्ल्स केटरिंगने बनवलेला. शिशाची बॅटरी त्याच्याही आधीची, १८५९ सालची, गॅस्टन प्लान्टे या फ्रेंच शास्त्रज्ञाची. सेल्फ येण्याआधी गाडी चालू करायला पुढून हँडल मारत. आज मध्येच सेल्फने दगा दिला की त्या हँडलची आठवण येते, पण भोक कुठे आहे ते घालायला.

आवाज ओळखा

टिक् टिक् हा आवाज सेल्फचा नसतो, सेल्फला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचचा असतो. त्याला सोलेनॉइड म्हणतात. किल्ली फिरवली की त्याची कॉइल लोखंडी दांडा ओढते, जाड वायरी जुळतात आणि सेल्फ करंट मागतो. बॅटरीत दम नसला तर त्या मागणीसरशी व्होल्टेज कोसळतं, कॉइलची पकड सुटते, दांडा मागे येतो. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, कॉइल पुन्हा ओढते. हे सेकंदाला कित्येक वेळा होतं. ऐकू आलं तर समजा, बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर घाण आहे.

एकच ठोस 'टक्' आला आणि डॅशबोर्डचे दिवे लख्ख राहिले, तर संशय सेल्फवर किंवा सोलेनॉइडवर. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर बॅटरी ठार रिकामी, नाहीतर टर्मिनल सुटलेलं. आणि सेल्फ मस्त गरगर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला शिव्या देऊ नका, डिझेलकडे बघा.

यापेक्षा खात्रीचं साधन म्हणजे तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर. गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजायचं. शिशाच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक सुमारे २.१ व्होल्टचा, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. बारावर आली की पाव भागच उरला, आणि ११.८ च्या खाली म्हणायला १२ व्होल्टची, प्रत्यक्षात रिकामी. माणसाला वाटतं बारा म्हणजे 'बारापैकी बारा'. तसं नाही, सगळा खेळ त्या दशांशात आहे.

इथे मोटरहोमवाल्यांची एक खास फसगत होते. मागच्या भिंतीवरचा डिजिटल डिस्प्ले १३.२ व्होल्ट दाखवत असतो आणि आपण निर्धास्त असतो. तो आकडा घराच्या लिथियम बॅटरीचा. गाडीच्या बॅटरीचं त्याला काही देणंघेणं नाही. त्या सकाळी आमच्या डिस्प्लेवर १३.२ होतं आणि मीटर लावल्यावर गाडीची बॅटरी निघाली ११.४.

अडीच दिवसांत खाल्लं कुणी?

पुढच्या केबिनचा दरवाजा मुलांनी अर्धवट लावला होता. बाहेरून बंद दिसत होता, पण छतातले दोन छोटे दिवे जळत राहिले. दिवसा उन्हात कळले नाहीत आणि रात्री आम्ही पडदा ओढलेला. प्रत्येकी पाच वॅट, दोन मिळून दहा. बाराने भागा, साधारण ०.८ अँपिअर. साठ तासांत जवळपास ५० अँपिअर-तास गेले. डॅशकॅम पार्किंगमध्येही चित्रण करत राहतो, त्याचे ०.३ अँपिअर म्हणजे आणखी १८. रात्री पत्ते खेळताना पुढचा रेडिओ लावला होता, कारण त्याचे स्पीकर चांगले. त्याचे पाच-सहा. बेरीज पंचाहत्तरच्या आसपास, आणि बॅटरी ९० ची, तीही चौथ्या वर्षातली. आता सांगा, बॅटरीची काय चूक?

यातलं काहीही नसलं तरी उभी गाडी थोडं थोडं खातेच. घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनाचा संगणक, जीपीएस ट्रॅकर. ५० मिलीअँपिअरपर्यंतचं हे खाणं सर्वसाधारण समजतात. दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे दीड महिन्यात पन्नास-पंचावन्न अँपिअर-तास जातात आणि बॅटरी बसते. पावसाळ्यात गाडी अंगणात ताडपत्रीखाली ठेवणाऱ्यांची नेमकी हीच गत होते. शिवाय बॅटरी स्वतःशीही झिजते. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही झीज ढोबळमानाने दुप्पट होते, आणि आपला मे महिना काही हिमालयातला नाही.

चोर सापडत नसेल तर शोधायची रीत अशी: सगळं बंद करा, दरवाजे लावा, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची वायर काढा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून त्या वायर आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा. अर्धा तास थांबा, कारण हल्लीच्या गाड्यांचे संगणक लगेच झोपत नाहीत. मग आकडा बघा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल ती ओळ चोराची. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल आणि तेही नशीब असेल तर.

जंप देताना

पहिला मदतीला थांबला तो चिऱ्यांचा ट्रक. ड्रायव्हर मोठ्या मनाचा. "काय झालं काका, सेल्फ घेत नाय? देतो की माझ्या बॅटरीवरून." मी हात जोडले. ट्रक आणि बस बहुधा २४ व्होल्टवर चालतात; १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. ते २४ व्होल्ट आपल्या १२ व्होल्टच्या गाडीत शिरले तर इंजिनाचा संगणक, रेडिओ, डॅशबोर्ड, काय काय जळेल सांगता येत नाही. दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेता येतं, हे खरं आहे आणि जाणता माणूस तसं करतोही. पण चिमटा एका ठिकाणी चुकला की संपलं. मी तो धोका घेतला नाही. दुचाकीची बॅटरी उलट फारच छोटी, तिने काही होत नाही.

मग बर्फाच्या लाद्या घेऊन चाललेली एक पिकअप थांबली. १२ व्होल्ट, डिझेल, आपल्या जातीची. जंप द्यायची केबल माझ्याकडे होती. केबलबद्दल दोन शब्द: रस्त्यावर मिळणारी करंगळीहून बारीक वायर घेऊ नका. बाहेरचं रबर जाड असतं आणि आत तांब्याचं नुसतं दर्शन. डिझेल गाडीला निदान १६, शक्यतो २५ चौरस मिलिमीटर तांबं हवं. बारीक केबल तापते आणि निम्मा दम रस्त्यातच खाते.

क्रम असा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नाहीत. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला नाही, तर तिच्यापासून लांब, इंजिनाच्या उघड्या जाड लोखंडाला.

हा शेवटचा चिमटा लांब लावायचा कारण चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने तो पेट घेतो. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडतेच. ती बॅटरीच्या डोक्यावर पडू नये एवढंच. बॅटरी फुटली तर आम्ल तोंडावर येतं. म्हणूनच 'करंट आहे का बघतो' म्हणत दोन टर्मिनलांवर वायर घासून ठिणगी काढणारा मिस्त्री दिसला की मी त्याचा हात धरतो. वय कितीही असो.

काही व्हॅनमध्ये बॅटरी पायाखालच्या फळीत दडवलेली असते आणि बॉनेटखाली फक्त जंप द्यायचे दोन पॉइंट असतात, लाल टोपी असलेला प्लसचा. तुमच्या गाडीत ते कुठे आहेत हे घरी असतानाच शोधून ठेवा. बॅटरी पार बसली की रिमोटही चालत नाही, त्यामुळे किल्लीने उघडणारं कुलूप कोणत्या दाराला आहे तेही.

पिकअप चालू करून पाच-सात मिनिटं थोड्या रेसवर ठेवली, मग आमचा सेल्फ मारला. इंजिनाने एकदा खोकून पकड घेतली. केबल काढताना क्रम नेमका उलटा, आणि त्याआधी एसीचा ब्लोअर लावून ठेवायचा, म्हणजे व्होल्टेजचा झटका त्यात जिरतो.

आपल्याकडचा एक लाडका जुगाड मात्र कृपा करून करू नका. दुसऱ्या गाडीची बॅटरी काढून आणायची, तिच्यावर इंजिन चालू करायचं, आणि चालू इंजिनात ती काढून आपली जुनी परत बसवायची. जुन्या गाड्यांना हे पचत होतं. चालू इंजिनाची बॅटरी काढली की इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा करंट सैरभैर होतो, क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं आणि आजच्या गाडीतला संगणक त्याने जातो. त्या संगणकाच्या किमतीत नव्या बॅटऱ्यांची चळत येईल.

धक्का मारायचं म्हणाल तर साडेतीन टनांची भरलेली गाडी, त्यात पुळणीजवळची भुसभुशीत जमीन. चार माणसांनी फक्त कंबर दुखवून घेतली असती. आणि घाटात उतारावर सोडून गिअर टाकण्याचा विचार तर डोक्यातही आणू नका: इंजिन बंद असलं की ब्रेकला बूस्टरची मदत राहत नाही, स्टिअरिंग दगडासारखं होतं. कुंभार्ली घाटाच्या वळणावर हे कळून उपयोग नाही.

धोपाव्याच्या जेटीवर दुसऱ्यांदा

पिकअपवाल्याने पैसे घेतले नाहीत, सोलकढी मात्र दोन ग्लास प्यायला. आम्ही खुशीत निघालो, धोपाव्याच्या जेटीवर आलो. खाडीपलीकडे दाभोळ, तिथून दापोली. रांगेत उभं राहायचं म्हणून मी सवयीने इंजिन बंद केलं. फेरीबोट लागली, किल्ली फिरवली. टिक् टिक् टिक्. मागे दहा गाड्या आणि दहा हॉर्न.

इंजिन चालू झालं म्हणजे बॅटरी भरली, ही समजूत किती खोल रुजलेली असते ते मला त्या दिवशी कळलं. अल्टरनेटर, म्हणजे जुने मिस्त्री ज्याला डायनॅमो म्हणतात तो, बॅटरी राखण्यासाठी असतो, तळाला गेलेली बॅटरी भरण्यासाठी नव्हे. निवांत आरपीएमवर तो थोडंच देतो, त्यातलं ब्लोअर, एसी, दिवे आधी खातात. आणि शिशाची बॅटरी पाणी प्यायल्यासारखी घटाघटा भरत नाही. पहिला भाग पटकन घेते, शेवटचा वीस टक्के भाग तासन् तास घेत राहते. उतरलेली बॅटरी खरोखर भरायला चार्जरवर आठ-दहा तास हवेत. तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवली तर पुढचे एक-दोन सेल्फ निघतील, एवढीच अपेक्षा ठेवावी. वळणावळणांच्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तेही कमीच.

पण जेटीवर मला सुचलं ते गुहागरला का सुचलं नाही याची अजून लाज वाटते. मदत शोधायला रस्त्यावर उभं राहायची गरजच नव्हती. बॅटरी आमच्या पलंगाखाली होती!

घराची बॅटरी जर शिशाची असेल तर तिच्यावरून जंपर केबलने सरळ जोडून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की बहुतेक वेळा काम होतं. काही मोटरहोममध्ये ड्रायव्हरजवळ त्यासाठी बटणच असतं; दाबून धरलं की दोन्ही बॅटऱ्या तात्पुरत्या एकत्र येतात. आमची लिथियमची. तिच्या आत एक पहारेकरी सर्किट असतं, ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट जाऊ देत नाही. आमच्या बॅटरीला ही मर्यादा १०० अँपिअर आहे. सेल्फ मागणार ३००. थेट जोडलं तर पहारेकरी दार लावून घेतो आणि मग पंखाही बंद, फ्रीजही बंद.

म्हणून आडवळणाने जायचं. घराच्या बॅटरीवर इन्व्हर्टर चालू केला, त्याच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला १० अँपिअरचा साधा बॅटरी चार्जर लावला आणि चार्जरचे चिमटे गाडीच्या बॅटरीला. ऐकायला वेडेपणा वाटतो, १२ चे २३० करायचे आणि २३० चे परत १२. थोडी वीज उष्णतेत जाते. पण करंट चार्जरच्या ताब्यात राहतो, ठिणगी नाही, धोका नाही, आणि दुसऱ्याची गाडी लागत नाही. घराच्या बॅटरीतून तासाला पंधरा-सोळा अँपिअर-तास गेले, तिच्याकडे दोनशे होते. गाडी ढकलून बाजूला घेतली, जेटीवरच्या टपरीत चहा-भजी झाली. पाऊण तासाने चार्जर काढला, किल्ली फिरवली. इंजिन गरमच होतं, पहिल्या झटक्यात लागलं. तेव्हापासून तो चार्जर गाडीतून उतरलेला नाही.

हल्ली खिशात मावणारे लिथियम जंप स्टार्टर मिळतात. चांगले असतात, पण मोठ्या डिझेलला चालेल असाच घ्या आणि महिन्यातून एकदा तोही चार्ज करा. कपाटात उतरलेला जंप स्टार्टर म्हणजे कुपनलिकेजवळ ठेवलेली फुटकी बादली.

खारा वारा

हे सगळं देशावरही होईल. कोकणात त्यात मिठाची भर पडते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात खारं दव असतं, ते टर्मिनलवर आणि वायरींच्या टोकांवर बसतं, वर कोकणचा दमट उन्हाळा आणि चार महिन्यांचा पाऊस. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. दिसायला क्षुल्लक, पण हिशोब करा: त्या भुकटीने फक्त एक शतांश ओहमचा अडथळा निर्माण केला, आणि सेल्फने ३०० अँपिअर मागितले, तर ३ व्होल्ट त्या भुकटीतच जिरतात. बॅटरी १२.६ ची भरलेली असूनही सेल्फला पोचतात नऊच्या आसपास. आणि त्याच अडथळ्यातून एक अँपिअरचा दिवा मात्र लख्ख जळतो, कारण तिथे फक्त शतांश व्होल्ट कमी होतो. 'दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठीक' हा तर्क किनाऱ्यावर सगळ्यात आधी फसतो.

बॅटरीपेक्षा वाईट अवस्था असते ती अर्थिंगच्या पट्टीची. बॅटरीच्या मायनसपासून चॅसीला आणि इंजिनापासून चॅसीला गेलेल्या जाड विणलेल्या पट्ट्या गाडीच्या पोटाखाली असतात. ओल्या पुळणीतून गाडी आणली की मीठ तिथेच बसतं. कुणी वाकून बघत नाही. मी दोन बॅटऱ्या बदलल्यावर एका वयस्क बॅटरीवाल्याने खाली झोपून ती पट्टी काढून दाखवली. हातात तिचे तुकडे आले. बॅटऱ्यांना उगाच दोष दिला होता.

साफ करायला महाग काही लागत नाही. आधी निगेटिव्ह वायर काढायची, मग पॉझिटिव्ह, लावताना उलट. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर पूर्ण बॅटरी पान्यातून वाहते, पाना लाल होतो आणि हातातली अंगठीही. अंगठी-कडं काढूनच हात घाला. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फेस थांबला की साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा, आवळा आणि मग वरून व्हॅसलिन लावा. व्हॅसलिन आधी लावून मग आवळायचं नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे वर्षातून दोनदा तरी करावं, एकदा मिरगाआधी आणि एकदा गणपतीनंतर.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पट्ट्या बुडून वर साधारण बोटाच्या अर्ध्या पेराइतकं पाणी हवं, आणि ते फक्त डिस्टिल्ड. विहिरीचं पाणी कितीही गोड लागो, त्यातले क्षार पट्ट्यांना खातात. आम्ल सांडलं तर भरपूर पाणी ओता, हाताने पुसू नका.

बसली की मेली?

उतरलेली बॅटरी आणि संपलेली बॅटरी यात फरक आहे. उतरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होत पाण्याकडे झुकतं. चार्ज केलं की हे सगळं उलटतं. पण उतरलेल्या अवस्थेत आठवडे पडून राहिली तर ते सल्फेट कडक स्फटिक होऊन बसतं, पाकाला साखर यावी तसं, आणि मग चार्जरने सुटत नाही. म्हणून बॅटरी बसल्यावर 'गावाहून परत आल्यावर बघू' नको. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पूर्ण चार्ज करून घ्या.

पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ च्या आसपास असेल आणि सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात नसेल तर तिला अजून ठेवा. चार्ज करूनही १०.५ वर अडकून बसली असेल तर सहापैकी एक सेल गेला आहे, १२.६ मधून २.१ वजा करून बघा. अशी बॅटरी दुकानात देऊन टाका, जुन्या शिशाचे पैसे नव्या किमतीतून वजा होतात. नवी घेताना अंगावरचा निर्मितीचा महिना वाचा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी अर्धी म्हातारी झालेली असते.

आणि दोन चुलींमधलं दार तपासून घ्या. प्रवासात घराची बॅटरी अल्टरनेटरवर भरावी म्हणून दोन्हींच्या मध्ये एक रिले असतो: इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की तो दोन्ही जोडतो, खाली आलं की तोडतो. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज स्वतःच कमी-जास्त करतो, तिथे आणि लिथियम बॅटरीसाठी रिलेऐवजी एका बॅटरीवरून दुसरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. काही स्थानिक फिटर मात्र दोन्ही बॅटऱ्या सरळ जाड वायरने जोडून देतात, स्वस्तात काम. मग रात्री फ्रीज दोन्ही चुलींवरचं खातो आणि सकाळी दोन्ही थंड. इंजिन बंद करून तासाभराने दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे अगदी सारखा आकडा आला, आणि एकीकडचा दिवा लावला की दुसरीकडचाही आकडा हलला, तर ती वायर शोधून काढा.

मी आणखी दोन गोष्टी केल्या. सोलरचा कंट्रोलर दोन तोंडांचा घेतला. घराची बॅटरी भरली की उरलेली थोडी वीज तो गाडीच्या बॅटरीला देतो. आणि ड्रायव्हरच्या सीटखाली, गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर, एक मोठा लाल कटऑफ स्विच बसवला. दोन दिवसांहून जास्त मुक्काम असला की तो फिरवायचा. डॅशकॅम बंद, केबिनचे दिवे बंद, दरवाजा उघडा राहिला तरी हरकत नाही. तोटा एकच: परत चालू केल्यावर रेडिओ सगळी स्टेशनं विसरलेला असतो, घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटं दाखवतं, आणि रत्नागिरी आकाशवाणी पुन्हा शोधून लावायचं काम मुलीकडे येतं.